जुनी डिझेल डस्टर घ्यावी का?

प्रश्न : २०१६ची रेनो कंपनीची डिझेल डस्टर (८५ पीएस ताकदीची) मिळतेय. ९२,००० किमी झालेत. महिन्याला कोल्हापूर-पुणे दोन-तीन फेऱ्या होतात. घ्यावी का?

उत्तर : गाडी दणकट आहे, खराब रस्त्यावर सस्पेन्शन उत्तम साथ देतं. खरा प्रश्न टायमिंग बेल्टचा, म्हणजे पिस्टन आणि व्हॉल्व्ह यांची हालचाल जुळवून ठेवणाऱ्या पट्ट्याचा. तो ठरावीक किलोमीटरनंतर बदलावाच लागतो. या १.५ लिटर इंजिनात चेन नाही, बेल्ट आहे. तो तुटला की पिस्टन व्हॉल्व्हवर आदळतात, व्हॉल्व्ह वाकतात, इंजिनाचा वरचा भाग (हेड) उतरवावा लागतो. बेल्ट बदलल्याचं बिल नसेल तर बदललेलाच नाही असं धरा आणि बेल्ट, टेन्शनर (बेल्ट ताणून धरणारा भाग), वॉटर पंप यांचा खर्च मजुरीसह किमतीतून वजा करून मागा. नुसता बेल्ट बदलू नका. पुढे पंप गळला तर तेवढीच मजुरी पुन्हा.

गाडी पाहायला जाल तेव्हा इंजिन गार असू द्या, तसं आधीच बजावा; गार इंजिन सुरू करतानाच त्याचे दोष कळतात. मग गाडी चालवून बघताना चौथ्या गिअरमध्ये ४०च्या वेगाला ॲक्सिलरेटर पूर्ण दाबा. आरपीएम (इंजिनाचे फेरे) चढला पण वेग वाढला नाही, तर क्लच संपलाय.

आरसीवर बँकेचा बोजा असेल तर बँकेची एनओसी (ना-हरकत दाखला) हातात आल्याशिवाय विसारही देऊ नका. बेल्टचं बिल दाखवलं तर गाडी जरूर घ्या. ते नसताना विक्रेता किमतीत रुपयाही सोडत नसेल, तर दुसरी बघा.