सॉफ्टवेअरमधली मापं कोर्टात टिकतील का?

प्रश्न: नाशिकमध्ये आमची भागीदारीतली बांधकाम फर्म आहे. मापवही बंद करून आम्ही सगळं ऑनलाइन सॉफ्टवेअरवर घेतलं. आता प्लास्टरच्या ठेकेदाराची नोटीस आली आहे. त्याचं माप आमच्यापेक्षा बरंच जास्त आहे. त्यातच नूतनीकरणाच्या रकमेवरून वाद होऊन सॉफ्टवेअर कंपनीने लॉगिन बंद केलं. आमच्या नोंदी कोर्टात चालतील का?

उत्तर: चालतील, पण आधी त्या तुमच्या हातात यायला हव्यात. म्हणून पहिल्यांदा कंपनीचं मिटवा. ‘हरकत कायम ठेवून भरत आहोत’ असं ईमेलने कळवा, रक्कम भरा आणि लॉगिन सुरू होताच सगळा डेटा उतरवून घ्या. मापं, रनिंग बिलं (काम चालू असताना वेळोवेळी केलेली बिलं), साइटचे फोटो तर घ्याच, पण एडिट लॉग विसरू नका. कोणती नोंद कुणी, कधी केली किंवा बदलली, हे त्यातच कळतं. कंपनी तरीही अडून बसली आणि तिच्याशी केलेल्या करारात लवादाचं, म्हणजे वाद कोर्टाऐवजी त्रयस्थाने सोडवण्याचं, कलम असलं, तर लवाद कायद्याच्या कलम ९ खाली डेटा जपून ठेवण्याचा आदेश मागता येतो.

आता एकाही नोंदीला हात लावू नका. चूक दिसली तरी नाही. नोटिशीनंतरची दुरुस्ती लॉगमध्ये दिसते आणि मग खऱ्या नोंदींवरही संशय येतो.

१ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय साक्ष्य अधिनियमाच्या कलम ६३ प्रमाणे अशा नोंदींसोबत प्रमाणपत्र द्यावं लागतं. त्याचा एक भाग तुमच्याकडे ही यंत्रणा सांभाळणाऱ्याने भरायचा, दुसरा तज्ज्ञाने. फाइलची हॅश व्हॅल्यू (फाइल बदलली की बदलणारा तिचा ओळख-सांकेतांक) त्यात लिहावी लागते, तेव्हा डेटा उतरवतानाच ती काढून ठेवा. सर्व्हर कंपनीकडे असल्याने तिचंही प्रमाणपत्र लागू शकतं. तिने नकार दिला तर कोर्टाकडे अर्ज करता येतो; जालन्याच्या निवडणूक खटल्यात, खोतकर विरुद्ध गोरंट्याल, सर्वोच्च न्यायालयाने २०२० साली हे स्पष्ट केलं आहे. मात्र लेखी मागणी केल्याचा पुरावा तुमच्याकडे हवा.

एवढं करूनही तुमच्या सुपरवायझरने मोबाइलवर भरलेलं माप हे तुमचंच म्हणणं राहतं. ठेकेदाराने ते कधी मान्य केलं, ते शोधा. बिलाची पीडीएफ व्हॉट्सअ‍ॅपवर गेल्यावर त्याने ‘ओके’ लिहिलं होतं का? त्याच मापावर त्याने स्वतःचं जीएसटी बिल दिलं का? असं बिल सापडलं तर तुमच्या शंभर नोंदींपेक्षा ते मोलाचं.

मला खरी काळजी वाटते ती वेगळ्याच गोष्टीची. तुम्ही पाठवलेल्या बिलात आतल्या ३ × ७ फुटी दारासाठी सॉफ्टवेअरने दोन्ही बाजू धरून ४२ चौरस फूट वजा केले आहेत. मोजणीचं मानक आयएस १२०० सांगतं की ०.५ ते ३ चौरस मीटरच्या उघड्या जागेला, दोन्ही बाजूंना सारखंच प्लास्टर असेल तर, एकाच बाजूची वजावट करायची. त्या बदल्यात कडांचं माप वेगळं धरायचं नाही. हे दार साधारण २ चौरस मीटरचं, म्हणजे इथे वजावट २१ चौरस फूट. तुमच्या वर्क ऑर्डरमध्ये ‘मोजणी आयएस १२०० प्रमाणे’ असं लिहिलेलं असेल, तर तेवढ्यापुरता ठेकेदार बरोबर आहे. सॉफ्टवेअरमध्ये कुणी काय सूत्र भरलं, त्याने करार बदलत नाही. अशी दारं किती आहेत ते मोजा. फरकाचा मोठा भाग तिथेच निघाला, तर तेवढे पैसे देऊन टाका. कष्टाचे आहेत ते.

मग नोटिशीला उत्तर द्या: हक्क अबाधित ठेवून, दोघांना मान्य असलेल्या इंजिनिअरसमोर संयुक्त मोजणीची तयारी दाखवा. दावा ३ लाखांच्या वर असेल आणि तातडीचा आदेश नको असेल, तर वाणिज्य न्यायालयात जाण्याआधी ठेकेदाराला मध्यस्थी करावीच लागेल. तिथे ही मोजणी तुमच्या उपयोगी पडेल. तारीख मात्र बाथरूम-किचनच्या टाइल्स लागण्याआधीची धरा, नाहीतर प्लास्टर त्यांच्याखाली झाकलं जाईल.