सोलापुरात वापरलेला पीएस४ (प्लेस्टेशन ४, गेम खेळायचं मशीन) विकायचा आहे, दुकानदार फारच कमी देतोय. योग्य किंमत कशी मिळेल?

दुकानदाराला तो पुन्हा विकायचा असतो, त्यामुळे त्याचा दर कमीच असणार. घाई नसेल तर थेट खेळणाऱ्यालाच विका.

आधी ओएलएक्सवर सोलापूर आणि पुणे, दोन्हीकडच्या जाहिराती आठवडाभर बघा. तिथे दिसते ती मागितलेली किंमत. महिनाभर पडून असलेली जाहिरात म्हणजे तो दर कोणी देत नाहीये. पटकन गायब होतात त्यांचा आकडा धरा.

मॉडेल नीट लिहा. २०१३ चा मूळ, २०१६ चा स्लिम आणि प्रो यांच्या किमती वेगळ्या असतात. ५०० जीबी की १ टीबी, तेही सांगा. आपल्याकडची धूळ पंख्यात बसते आणि मशीन घरघरतं, म्हणून आधी साफ करून घ्या. गेम चालू असतानाचा व्हिडिओ टाका. कंट्रोलरची काडी (स्टिक) आपोआप सरकत असेल तर लपवू नका, समोरचा तपासतोच. गेमच्या चांगल्या डिस्क वेगळ्या विकल्या तर बहुधा जास्त पैसे मिळतात. डाउनलोड केलेले गेम मात्र तुमच्या खात्याला जोडलेले असतात, ते किमतीत धरू नका.

सेव्ह केलेला डेटा दुसरीकडे कॉपी करून घ्या, सेटिंग्जमध्ये हा तुमच्या खात्याचा ‘प्रायमरी पीएस४’ असल्याची नोंद बंद करा आणि मग पूर्ण इनिशियलाइझ करा, म्हणजे आतलं सगळं पुसून टाका. सिरियल नंबरचा फोटो ठेवा.

भेट दिवसा, पार्क चौकासारख्या गजबजलेल्या ठिकाणी. मशीन चालवून दाखवायला ओळखीचं दुकान बरं. आणि हे फार महत्त्वाचं: पैसे घेण्यासाठी यूपीआय पिन कधीच लागत नाही. कोणी क्यूआर पाठवून पिन टाकायला सांगितलं, तर तिथेच व्यवहार थांबवा.