हजार टक्के लाभांशाची वही

निवृत्तीनंतर पैसे हाती आले की माझ्याकडे गुंतवणुकीचा सल्ला घ्यायला येणाऱ्या बहुतेकांचा प्रश्न एकच असतो: ठेवींचे व्याजदर कधीही उतरतील, मग दर वर्षी लाभांश देणारे शेअर घेऊन ठेवले तर चालेल का? साताऱ्याहून आलेल्या एका निवृत्त शिक्षिकेने हाच प्रश्न विचारला आणि सोबत आणलेली शंभर पानी वही माझ्यासमोर उघडली. त्यात सुवाच्य अक्षरात अकरा कंपन्यांची नावे होती आणि लाभांशाच्या टक्केवारीखाली लाल शाईच्या रेघा. सर्वांत वर होते ‘1000 टक्के’.

“ताई, हे टक्के कशावर आहेत?” असे विचारल्यावर त्या थबकल्या. लाभांशाची टक्केवारी शेअरच्या दर्शनी मूल्यावर, म्हणजे कंपनीने ठरवलेल्या त्याच्या मूळ किमतीवर, सांगतात; बाजारभावावर नव्हे. त्या शेअरचे दर्शनी मूल्य 1 रुपया असल्याने हजार टक्के म्हणजे 10 रुपये, आणि बाजारभाव 400 रुपये धरला तर प्रत्यक्ष उत्पन्न अडीच टक्के. वहीतल्या दुसऱ्या नावाचे उत्पन्न बाजारभावावरही 14 टक्के भरत होते; परंतु त्या कंपनीने कारखाना विकून आलेली रक्कम विशेष लाभांश म्हणून एकदाच वाटली होती आणि त्यानंतर शेअरचा भावही बराच घसरला होता. भाव पडला की भागिले खालचा आकडा लहान होतो आणि उत्पन्नाची टक्केवारी आपोआप फुगते, हे शाळेत गणित शिकवलेल्या बाईंना समजावून सांगावे लागले नाही.

उरलेल्या नऊपैकी सहा कंपन्या सरकारी होत्या. यात नवल नाही, कारण नफ्याच्या 30 टक्के किंवा निव्वळ मालमत्तेच्या 4 टक्के, यांपैकी जी रक्कम जास्त असेल तितका किमान लाभांश या कंपन्यांनी द्यावा, असा केंद्राचा दंडक आहे. तथापि लाभांश मिळतो म्हणून मुद्दल शाबूत राहतेच असे नाही: 2010 मध्ये 245 रुपयांना विकलेला कोल इंडियाचा शेअर 2020 मध्ये दीडशेच्याही खाली गेला होता.

त्यांच्याजवळच्या 20 लाखांपैकी 16 लाख ज्येष्ठ नागरिक बचत योजनेत आणि बँकेत ठेवायचे, शेअरसाठी फक्त 4 लाख, तेही पाच वेगवेगळ्या व्यवसायांत आणि दहा महिन्यांत विभागून, असे आम्ही ठरवले. (हे प्रमाण त्यांच्यापुरते, कर्ज फिटलेले नसलेल्या माणसाला मी शेअरचे नावही काढू दिले नसते.) निवड करताना गेल्या दहा वर्षांत लाभांश कधी चुकला, नफ्याचा किती भाग वाटला आणि धंद्यातून खरोखर रोख आली का, एवढेच वार्षिक अहवालांतून पाहिले.

पहिल्या वर्षी 9,640 रुपये जमा झाले. एका कंपनीकडून वर्षभरात 10,000 रुपयांच्या आत लाभांश आल्यास उद्गम कर (टीडीएस) कापला जात नाही, तरी विवरणपत्रात तो दाखवावाच लागतो, हे मी सांगत असतानाच त्यांनी हिशेब मांडला: “बचत योजनेच्या 8.2 टक्क्यांनी याच पैशांचे 32,800 आले असते.” मी मान्य केले, व्याज ठरलेले असते, लाभांश वाढू शकतो आणि बंदही पडू शकतो, आणि म्हणूनच घरखर्च त्यावर टाकलेला नव्हता.

शेअर विकून टाकायला त्या आल्या असाव्यात, असे मला क्षणभर वाटले. त्यांनी वही उघडली. पाचपैकी एक नाव पेन्सिलीने खोडले होते आणि शेजारी लिहिले होते: ‘दोन वर्षे कर्ज काढून लाभांश.’

“हे एक विकते,” त्या म्हणाल्या, “बाकीचे राहू द्या.”