ओढ्याकाठी सापडलेला धारदार दगड अश्मयुगीन हत्यार आहे का, हे कसे ओळखावे?

ओढ्याच्या काठी मिळालेला दगड माणसाने घडवलेला आहे की आपोआप फुटलेला, असे आपण विचारले आहे. एकट्या दगडावरून याचा निवाडा करणे बहुधा कठीण असते. त्याचे कारण कर्नाटकातील इसामपूर या स्थळावरून चांगले कळते.

यादगीर जिल्ह्यातील हुणसगी-बैचबाळ खोऱ्यातले हे स्थळ पुण्याच्या डेक्कन कॉलेजचे प्राध्यापक के. पद्दय्या आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९९० च्या दशकाच्या उत्तरार्धात खणले. तेथे चुनखडकाच्या लाद्या जमिनीतूनच वर आलेल्या होत्या, आणि आदिमानवाने दगड जिथे मिळाला तिथेच बसून हातकुऱ्हाडी (हातात धरून वापरायची दगडी हत्यारे) व फरशा (रुंद, आडव्या धारेची हत्यारे) घडवल्या होत्या. त्यामुळे पुरी झालेली हत्यारे, अर्धवट सोडलेली हत्यारे, ज्यांवरून छिलके (घाव घालून काढलेले दगडाचे पातळ तुकडे) काढले ते गाभे, घाव घालण्याचे गोटे आणि घडवताना उडालेले असंख्य छिलके हे सारे एकाच ठिकाणी राहिले. माझ्या मते या स्थळाचे खरे धन हा कचराच आहे, कारण सुबक हातकुऱ्हाड केवळ काय बनवले ते दाखवते, तर छिलके कोणता घाव आधी आणि कोणता नंतर बसला, हेही सांगतात. बैलवर्गीय प्राण्यांच्या दातांच्या इनॅमलवरून इलेक्ट्रॉन स्पिन रेझोनन्स या, दातात साठलेल्या किरणोत्साराच्या परिणामावरून वय मोजण्याच्या पद्धतीने या स्थळाचे वय सुमारे १२ लाख वर्षे काढण्यात आले आहे.

आता आपल्या दगडाकडे वळू. माणसाने काढलेल्या छिलक्यावर घाव बसलेल्या जागेखाली एका बाजूस हलका फुगवटा दिसतो, आणि हत्यारावर छिलके निघाल्याचे खळगे धारेच्या दिशेने एकापाठोपाठ एक, ठरवून घेतल्यासारखे असतात. पुरात आपटून फुटलेल्या दगडावरही एखाददुसरा असा खळगा पडू शकतो. मात्र त्यांची सुसंगत रांग सहसा दिसत नाही. शिवाय आपल्याकडचा बेसॉल्ट (काळा पाषाण) ऊन-पावसाने झिजतो, त्यामुळे जुन्या हत्यारावरच्या या खुणा बोथट होऊन ओळखणे आणखी अवघड जाते.

म्हणूनच विनंती अशी की, आणखी दगड दिसल्यास ते न हलवता जागेवरच, शेजारी मोजपट्टी ठेवून छायाचित्रे घ्यावीत, जवळपास छिलके दिसतात का ते पाहावे, आणि दगड काठाच्या कोणत्या थरातून बाहेर आला आहे याची नोंद करून राज्याच्या पुरातत्त्व विभागाला किंवा डेक्कन कॉलेजला कळवावे. आपण उचललेल्या दगडाची नेमकी जागा आठवत असेल, तर तीही आजच लिहून ठेवावी.