विचारायचं कुणाला?

‘आमच्या घरात कुणी डॉक्टर नाही, मग विचारायचं कुणाला?’ कॅलिफोर्नियातल्या कॉलेजात समुपदेशन करताना हा प्रश्न मला नेहमी भेटतो. डेली सिटीत वाढलेल्या एका फिलिपिनो मुलीनं मात्र तो विचारलाच नाही. (ओळख पटू नये म्हणून तपशील थोडे बदलले आहेत.)

तिची आई रात्रपाळीची नर्स. १९६५ साली स्थलांतराचा कायदा बदलला आणि फिलिपिन्समधून नर्स मोठ्या संख्येनं अमेरिकेत येऊ लागल्या. त्यामुळे हॉस्पिटल या घरांना परकं नाही. पण मेडिकलच्या प्रवेशाची वाट? ४ वर्षांची पदवी, एमकॅट ही प्रवेश परीक्षा, ४ वर्षं मेडिकल, मग रेसिडेन्सी, म्हणजे हॉस्पिटलमधलं डॉक्टरकीचं प्रशिक्षण. यातलं घरात कुणालाच धड ठाऊक नव्हतं.

डॉक्टर व्हायचं तिच्या मनात होतं, पण ऑरगॅनिक केमिस्ट्रीत तिला ‘सी’ ग्रेड मिळाली होती. ३ महिने घरी त्याबद्दल बोलली नव्हती. बॅगेची चेन उघडत-मिटत म्हणाली, “मी नर्सिंगलाच जाते. आईला बरं वाटेल.”

नर्सिंग मुळीच कमी नाही. पण ती आवडीनं बोलत नव्हती, हरून बोलत होती. आणि मदत मागायची तर ‘हिया’ आडवी येत होती. हिया म्हणजे आपली भीड, लाज आणि संकोच, सगळं एकत्र. त्यातून घेतलेल्या उपकाराचं ऋण, ‘उतांग ना लोओब’, जन्मभर मानायचं. अशा मुलीला “काही लागलं तर सांग” म्हणणं व्यर्थ असतं. ती सांगत नाही. पहिलं पाऊल मार्गदर्शकानंच टाकावं लागतं.

मी एका फिलिपिनो रेसिडेंट डॉक्टरला बोलावलं. मुलगी तिला लगेच ‘आते’ म्हणाली. तगालोगमध्ये मोठ्या बहिणीला तसं म्हणतात. आतेनं उपदेश केला नाही. फोनवर स्वतःची जुनी गुणपत्रिका उघडून पुढे ठेवली. तोच विषय, तोच सी.

मुलीचा हात चेनवरून सुटला. मग प्रश्नांची सरबत्तीच सुरू झाली. फी परवडत नसेल तर सवलतीचा अर्ज एमकॅटची नोंदणी करण्याआधीच मंजूर व्हावा लागतो, हे तिला त्या दिवशी कळलं. आधी भरलेली फी नंतर परत मिळत नाही.

पुढच्या भेटीला आईही आली, रात्रपाळी संपवून थेट, अंगात हॉस्पिटलचे कपडे, स्क्रब्ज, तसेच. तिनं आतेला एकच विचारलं, “रेसिडेन्सी किती वर्षांची?”

“फॅमिली मेडिसिनची ३.”

आईनं पर्समधून जुनं पाकीट काढलं आणि त्याच्या पाठीवर वर्षांची बेरीज मांडायला घेतली.