कॉलेज म्हणतंय मुलाचं नाव काढून घ्या. काढावं का?

ताई, तुमचा मुलगा इंदूरच्या खासगी कॉलेजात बीएस्सीच्या दुसऱ्या वर्षाला आहे, नैराश्यावर उपचार चालू आहेत आणि कॉलेज म्हणतंय, ‘आत्ता नाव काढा, बरा झाला की बघू.’ अजिबात सही करू नका.

मी इथल्याच एका कॉलेजच्या ऑफिसात बरीच वर्षं टेबल सांभाळलंय. ‘बघू’ला कागदावर काडीची किंमत नसते. प्रवेश रद्द करायचा अर्ज दिलात की टीसी निघते, फाइलवर ‘विद्यार्थ्याच्या विनंतीवरून’ असा शेरा पडतो आणि कॉलेज हात झटकून मोकळं. त्याऐवजी वैद्यकीय कारणाने या सेमिस्टरपुरत्या रजेचा अर्ज द्या आणि आवक नंबर टाकलेली पोच घ्या. नाही म्हणाले तर नकार लेखी मागा. लेखी म्हटलं की भल्याभल्यांचा आवाज खाली येतो.

डॉक्टरांच्या सर्टिफिकेटवर ‘उपचार चालू, इतके महिने विश्रांती’ एवढं लिहून घ्या, आजाराचं नाव नको. 2017 च्या मानसिक आरोग्य कायद्याने रुग्णाला गोपनीयतेचा हक्क दिलाय, पण तो डॉक्टरांना बांधतो. ऑफिसातली फाइल चहाच्या टपरीपर्यंत जाते, हे मी पाहिलंय.

समुपदेशक कोण, हेही विचारा. 25 जुलै 2025 च्या निकालात सुप्रीम कोर्टाने 100 किंवा जास्त विद्यार्थी असलेल्या संस्थांना प्रशिक्षित समुपदेशक, मानसशास्त्रज्ञ किंवा समाजसेवक नेमायला सांगितलंय.

फीसाठी फार भांडू नका. यूजीसीच्या 2018 च्या नियमांत प्रवेशाची शेवटची तारीख उलटून 30 दिवसांच्या वर गेले की परतावा शून्य. पुढच्या वर्षात वळती करता का, एवढं विचारून बघा. मूळ मार्कशीट मात्र त्यांना अडकवून ठेवता येत नाहीत, हे त्याच नियमांत आहे.

अगदी सोडायचंच ठरलं, तर आधी पहिल्या वर्षाचे क्रेडिट त्याच्या एबीसी आयडीवर (क्रेडिट जमा होणारं ऑनलाइन खातं) चढलेत का ते तपासा. यूजीसीच्या 2022 च्या आराखड्यात मध्येच थांबलेल्याला 3 वर्षांत परत येता येतं आणि पदवी एकूण 7 वर्षांत पुरी करता येते.

अर्जावर सही मुलाची लागेल, तो सज्ञान आहे. पण त्याला त्या खिडकीसमोर उभं करू नका. अर्ज घेऊन तुम्हीच जा. रात्री-बेरात्री गरज पडली तर टेलीमानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनचा 14416 नंबर आहे, फुकट, चोवीस तास. आणि जीव द्यायची भाषा कानावर आली, तर हे सगळं बाजूला ठेवून सरळ डॉक्टरांकडे किंवा एमवाय या सरकारी हॉस्पिटलला न्या.