शेजारच्या खिडकीतून

प्रिय,

तुझं पत्र आणि प्रश्नांची यादी, दोन्ही वाचलं. ठाकरे कुटुंबाच्या शेजारपाजारी ज्यांचं लहानपण गेलं, त्या दादरकरांच्या आठवणी गोळा करायचं तू मनावर घेतलंस, याचा मला फार आनंद झाला. वेळही हीच आहे. १९६६ साली जी मुलं चौथी-पाचवीत होती, ती आज सत्तरीच्या घरात आहेत. यादी मात्र बाजूला ठेव. त्यातला प्रत्येक प्रश्न बाळासाहेबांबद्दल आहे, सांगणाऱ्या माणसाबद्दल एकही नाही.

मीही असंच सुरू केलं होतं. रानडे रोडवर वाढलेल्या एका आजींना पहिल्याच भेटीत विचारलं, "बाळासाहेब शेजारी म्हणून कसे होते?" आजी ताठ बसल्या आणि शोकसभेत बोलतात तसं बोलू लागल्या. सगळं वर्तमानपत्रात येऊन गेलेलं. अर्ध्या तासाने मी वही मिटली आणि चहा घेता घेता विचारलं, "लहानपणी तुमचं दप्तर कुठे असायचं?" तिथून त्या खुलल्या. दप्तर खिडकीखालच्या ट्रंकेवर. ट्रंकेवर चढलं की रस्ता दिसायचा. खाली तरुण पोरांचे घोळके दिसले की आई म्हणायची, "दळण आता नको, संध्याकाळी आण." ते घोळके का जमायचे, हे आजींना तेव्हा माहीत नव्हतं. बाळासाहेबांच्या 'मार्मिक' साप्ताहिकात 'वाचा आणि थंड बसा' या मथळ्याखाली मुंबईतल्या कंपन्यांमधल्या अमराठी अधिकाऱ्यांच्या नावांच्या याद्या छापून येत. नोकरी नसलेली मुलं त्या वाचून अस्वस्थ व्हायची आणि थेट ठाकऱ्यांच्या घराचा, ७७-ए, रानडे रोडचा पत्ता गाठायची. इतिहासात याला चळवळीची सुरुवात म्हणतात. दहा वर्षांच्या मुलीच्या लेखी मात्र त्यामुळे दळणाची वेळ बदलली. मला ते दळण हवं होतं, तुलाही तेच मिळायला हवं.

आता माझी एक चूक सांगते, ती तू करू नकोस. एका गृहस्थांनी सांगितलं की शिवसेना स्थापन झाली त्या दिवशी गल्लीत पाय ठेवायला जागा नव्हती, ते वडिलांच्या खांद्यावर बसून बघत होते. मी ते जसंच्या तसं छापलं. पण १९ जून १९६६ ला घरातल्या घरात, मोजक्या माणसांत नारळ फुटला होता. अफाट गर्दी लोटली ती ३० ऑक्टोबरला, शिवाजी पार्कवरच्या पहिल्या मेळाव्याला. गृहस्थ खोटं बोलत नव्हते. खांदा खरा होता, गर्दीही खरी होती. साठ वर्षांत दोन दिवस एकमेकांना चिकटले, आणि ते सोडवणं माझं काम होतं.

म्हणून पक्क्या तारखांचा एक कागद जवळ असू दे. 'मार्मिक'चा पहिला अंक १३ ऑगस्ट १९६०. उद्धव यांचा जन्म त्याच वर्षीच्या जुलैतला, राज यांचा जून १९६८ चा. कुणी म्हणालं की दोघं भाऊ एकाच वयाचे गडी म्हणून आमच्यात क्रिकेट खेळायचे, तर त्या आठ वर्षांच्या अंतरापाशी थांब. पण कागद बाहेर काढून त्यांना खोडून काढू नकोस. "तेव्हा तुम्ही कितवीत होता?" एवढंच विचार. माणूस वर्ष विसरतो, इयत्ता सहसा विसरत नाही.

फेब्रुवारी १९६९ बद्दल जपून विचार. सीमाप्रश्नाच्या आंदोलनात बाळासाहेबांना अटक झाली आणि मुंबई पेटली, माणसं मेली. त्या दिवसांत कुणाच्या वडिलांना कामावरून परतायला उशीर झाला असेल, आणि शेजारचं अमराठी कुटुंब दार लावून बसलं असेल. त्या दारामागचं मूलही याच गल्लीतलं आहे. त्याला शोधलं नाहीस तर तुझं काम अर्धं राहील, हे मी आग्रहाने सांगते.

ठाकरे कुटुंब नंतर जिथे राहायला गेलं, त्या वांद्र्याच्या कलानगरचा भाग वेगळा ठेव. ती चित्रकार-शिल्पकारांची वसाहत, शेजारी लेखकांचं साहित्य सहवास. तिथल्या पुढच्या पिढीच्या आठवणींत पोलिसांचा पहारा येईल, दादरच्या मुलांच्या आठवणींत तो नसेल. दोन्हींची सरमिसळ झाली तर दोन्हींचा वास जाईल.

आणखी एक. आज त्या घराचे दोन पक्ष आहेत आणि सांगणाऱ्यांचीही मनं वाटली गेली आहेत. कुणी एका बाजूने बोलू लागलं तर ऐकून घे, हुज्जत नको. पण घरातल्या खाजगी गोष्टी, त्याही ऐकीव, वहीत उतरवू नकोस. जे छापशील ते आधी त्यांना वाचून दाखव. एखादं वाक्य काढा म्हणाले तर काढ, कितीही सुंदर असलं तरी.

पुढच्या भेटीत रेकॉर्डर थोडा उशिरा सुरू कर. कोरा कागद आणि पेन्सिल सांगणाऱ्यांच्या हातात दे आणि लहानपणची गल्ली काढायला सांग. ठाकऱ्यांचं घर काढण्याआधी त्यांनी काय काय काढलं, ते मला लगेच कळव.

तुझी,
ताई